जबड्याची हद्द

हाराधन दलुई यांच्या उजव्या जबड्याचा सांधा इस्पितळातल्या कोणत्याही विभागाच्या हद्दीत येत नाही, ही गंभीर बाब प्रथम खिडकी क्रमांक दोनवर उघडकीस आली.

हारूदा म्हणजे आमच्या कोलकात्याच्या बँडचे पहिले क्लॅरिनेटवाले. मी ढोल बडवतो. आठ महिने त्यांच्या कानापुढे ठणका लागत होता आणि मार्गशीर्षात लग्नसराई सुरू व्हायची होती. तोवर दुखणं हटलं नाही, तर मालकबाबू त्यांना खोट्यांच्या रांगेत घालणार होते. आमच्यात बारा गणवेशांपैकी सातच वाजवतात. बाकीचे वाद्य तोंडाला लावून नुसते चालतात, म्हणजे वरात भरलेली दिसते. तीस वर्षं फुंकलेल्या माणसाला त्या रांगेत उभं करणं म्हणजे जिवंतपणी श्राद्धच.

"कुठल्या डॉक्टरचं तिकीट देऊ?" खिडकीतल्या बाबूंनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगा ना," हारूदा म्हणाले.

"मी फक्त तिकीट फाडतो. रोग तुमचा आणि तुम्हालाच माहीत नाही? कमाल आहे!"

मागच्या रांगेने ताबडतोब निदान केलं. "पित्त!" एक मावशी म्हणाल्या. "पित्तच वर चढतं. माझ्या जावयाचं गुडघ्यात चढलं होतं."

दातांच्या विभागात आठ शिकाऊ डॉक्टर ओळीने उभे होते. "आ करा. मोठा. अजून मोठा!" आठही जणांनी आळीपाळीने आत डोकावलं. तोंडात किती बोटं मावतात ते मोजून कागदावर लिहिलं: तीन.

"दात उत्तम आहेत," मोठ्या डॉक्टरीणबाई खिन्नपणे म्हणाल्या. "आमच्या उपयोगाचं काहीच नाही. सांधा म्हणजे हाड. हाडांकडे जा."

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "मानेच्या वर आम्ही जात नाही."

"पण डॉक्टरबाबू, जबडा हाडाचाच असतो ना?" मी विचारलं.

"असेल. भिंतीजवळचा सांगाडा बघा."

बघितला. सांगाड्याला डोकंच नव्हतं. मागे दुसऱ्या विभागाने परीक्षेसाठी नेलं ते परत दिलं नाही, आणि तेव्हापासून विभागाची हद्द मानेपर्यंत आली, असं शिपायाने सांगितलं. तरीही नियमाप्रमाणे आ करायला लावलंच. दोन बोटं.

कानाच्या डॉक्टरांनी पट्टी काढली. "भोकापासून दीड सेंटिमीटर पुढे दुखतंय. आमचं काम एका सेंटिमीटरपर्यंत." त्यांनी हारूदांच्या गालावर जांभळ्या शाईने हद्दीची रेघ मारून दिली आणि मग आ करायला सांगितलं. एक बोट.

क्लॅरिनेटच्या तोंडाला एक बोट पुरतं. इस्पितळाच्या पायरीवर बसून हारूदांनी पेटीतून वाद्य काढलं आणि फुंकून पाहिलं. सूर लागला. त्यांचे डोळे भरून आले.

"इथेच थांबूया रे," ते म्हणाले. "एवढ्यावर निभेल माझं."

मीच मूर्ख! "छे, आता धसास लावायचंच," म्हणालो आणि वरपर्यंत अर्ज ठोकला.

अर्जाची दखल घेतली गेली, हेच वाईट झालं. तिन्ही विभागांची संयुक्त समिती नेमली. दुर्गापूजेची सुट्टी सरल्यावर ती बसली. सामोसे आणि चहा आला. जुनी मोजमापं दुसऱ्या विभागांची असल्याने ग्राह्य नव्हती, म्हणून प्रत्येक विभागाने नव्याने आ करायला लावलं. शेवटी अध्यक्षांनाही पाहायचं होतं. तेव्हा कानाजवळ 'कट्' असा आवाज झाला आणि हारूदांचा जबडा मिटला तो मिटलाच.

"आता तक्रार सांगा," अध्यक्ष म्हणाले. "रुग्णाने स्वतः, तोंडी. नियम आहे."

"म्म्म," हारूदा म्हणाले.

"साहेब, मी सांगतो!" मी पुढे झालो.

"तुमचा जबडा दुखतो?"

"नाही."

"मग मध्ये बोलू नका."

कारकुनाने लिहिलं: 'संधी देऊनही रुग्णाने कोणतीही तक्रार केली नाही. प्रकरण निकाली.' पित्ताबद्दल मात्र तिन्ही विभागांचं एकमत झालं. गोळ्या दिल्या. जेवणानंतर चावून खायच्या.

घरी वहिनी त्यांना दातांच्या फटीतून पेज पाजते.

मार्गशीर्षातल्या पहिल्या वरातीत हारूदा खोट्यांच्या रांगेत होते, मिटल्या ओठांना क्लॅरिनेट लावून. गालावरची जांभळी रेघ अजून पुरती गेली नव्हती. मी ढोल बडवत राहिलो. लग्नघरातून एकही तक्रार आली नाही. "बघ, पहिल्या क्लॅरिनेटवाचून अडेल म्हणून उगाच घाबरत होतो," मालकबाबू मला म्हणाले.

तुम्हीही होतात की त्या वरातीत. माझ्या ढोलासमोर नाचत होतात, हारूदांपासून दोन हातांवर. आता हे सगळं ऐकून काही म्हणायचंय? रुग्णाने स्वतः, तोंडी. उघडा तोंड.

नाही ना? लिहून घेतो मग: तक्रार नाही.