वाटाण्याच्या खोलीतली हिमनदी

"ती नदी चालते बरं का. बघताना थांबल्यासारखी वाटते, पण चालते. आपल्याला दिसत नाही, कारण आपल्याला घाई असते."

हा आवाज शीतगृहातल्या जुन्या मिस्त्रींचा. हात कॉम्प्रेसरच्या तेलात कोपरापर्यंत बुडालेले आणि डोळे मात्र भिंतीपलीकडे, लांब, आपल्या गावामागच्या हिमनदीवर. थंडोपंत तेव्हा नुकतेच कामाला लागले होते, आणि पाना हातात धरून ऐकत राहिले होते. पुढे मिस्त्री गेले, कॉम्प्रेसर बदलले, थंडोपंतांचे केस पिकले. आवाज तेवढा कानात तसाच राहिला.

थंडोपंत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहराच्या कडेला असलेल्या त्या शीतगृहाचा गारवा सगळा त्यांच्या हातात, म्हणून लोकांनी बारसं केलेलं. "थंडीचं मला शिकवू नका," हे त्यांचं आवडतं वाक्य. पण गंमत अशी, की जन्मभर थंडी तयार करणाऱ्या या माणसानं आभाळातून पडलेलं बर्फ कधी बघितलंच नव्हतं. पोस्टमनला आयुष्यात एकही पत्र येऊ नये, तशातला प्रकार.

मिस्त्रींच्या त्या हिमनदीला जायचं मात्र दरवर्षी ठरायचं. बायको शिलाईकाम करायची. मशीनवर बसली की पायडलच्या ठेक्यात तिचं गुणगुणणं चालायचं,

डोंगराच्या पल्याड गं, नदी गोठून निजली
तिला उठवाया माझी, वाट पहाटे निघाली

आणि दरवर्षी वाट उंबऱ्यापाशीच अडायची. कधी मटाराचा हंगाम लांबला, कधी मशीननं दगा दिला. "पुढच्या वर्षी नक्की," असं थंडोपंत म्हणायचे. बायको हं म्हणायची आणि दुसरं कापड ओढायची.

यंदा मात्र तिनं काही विचारलंच नाही. एके संध्याकाळी जेवताना सहज सांगावं तसं सांगितलं, की समोरच्या चित्रकलेच्या बाई आणि ती, अशा दोघी हिमनदीला जाणार आहेत. वाटाड्या ठरलाय, पायथ्याच्या गावात खोली मिळालीय. "तुम्हाला काय, बारा महिने थंडीच. सुट्टीत तरी ऊन खा."

थंडोपंतांनी हातातला घास परत ताटात ठेवला. पाणी प्यायले आणि म्हणाले, "हो ना. मला काय त्याचं."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याच क्षणी ते परत आत घ्यावंसं वाटलं. पण शब्द म्हणजे काही शीतगृहाचं सरकतं दार नव्हे, मागं ओढता यायला. मग त्यांनी दुसरी वाट धरली. आपण किती उपयोगी आहोत हे या दोघींना पटवायचं. पटलं की त्या आपणहून म्हणतील, अहो, तुम्हीच चला की! मागायचं नाही. मागून मिळालेल्या आमंत्रणाला काय अर्थ?

आणि घरात प्रशिक्षण सुरू झालं. मोजे कसे घालावेत यावर एक व्याख्यान झालं, मोजे कसे काढावेत यावर दुसरं. चित्रकलेच्या बाई शिक्षिका असल्यामुळे दुसऱ्याचं व्याख्यान ऐकायची त्यांना मुळीच सवय नव्हती, पण त्या बसल्या. मग पाठीवर वाळूच्या पिशव्या बांधून दोघींना जिन्यानं वरखाली करायला लावलं. एक पिशवी फुटली आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत समुद्रकिनारा झाला. खालच्या काकूंनी वर येऊन विचारलं, की बर्फात जायचंय म्हणता, मग ही वाळवंटाची तयारी कशाला? पुढच्या आठवड्यात दिवाणखान्यात तंबू उभारला. तो उभा राहिला, पण पंख्यासकट. दोन दिवस घरात वारा म्हणून नव्हता.

एवढं सगळं होऊनही ते 'तुम्हीच चला की' काही येईना. एकदाच, जिन्यात दम खात चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, की खरं तर यांच्यासारखं जाणकार माणूस सोबत हवं. थंडोपंतांच्या काळजात चिमणी फडफडली. पण बायको घाईघाईनं म्हणाली, छे, त्यांना कुठली सुट्टी मिळायला. थंडोपंतांची इतकी सुट्टी साठली होती, की ती ठेवायला वेगळं शीतगृह लागलं असतं. पण ते वाळूच्या पिशवीची गाठ आवळत बसले. चिमणी बसली.

निघायचा दिवस जवळ आला तसा त्यांनी हुकमाचा पत्ता काढला. शीतगृहातली वाटाण्याची खोली साफसफाईसाठी रिकामी झाली होती. "रविवारी दोघी सगळं सामान घेऊन या. खरी थंडी काय असते ते बघा. मग तिथं जाऊन घाबरायला नको." मनात मात्र होतं, की एकदा यांनी मला माझ्या राज्यात बघितलं, की मला मागं ठेवून जायची यांची छाती होणार नाही.

रविवारी तयारी जय्यत होती. रिकामी खोली त्यांनी मुद्दाम थंडगार करून ठेवलेली. शिवाय बुटांखाली खिळे बांधून चालायचा सराव हवा, म्हणून जमिनीवर पाण्याच्या बादल्या ओतून बर्फाचा थर धरवला होता. घरगुती हिमनदीच म्हणा! दोघी आत आल्या, जाड कोटांत, टोप्यांत. थंडोपंत मात्र नुसत्या शर्टावर. एक मिनिट आत जाऊन रुबाब दाखवायचा आणि बाहेर यायचं, एवढाच बेत होता. "थोडं पाणी कमी वाटतंय," म्हणाले आणि शेवटची बादली ओतून त्यांनी थंडी जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं.

आता, त्या खोलीच्या जमिनीला दाराकडे उतार होता. धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून थंडोपंतांनी स्वतः गवंड्याच्या उरावर बसून तो करून घेतला होता. दाराच्या चौकटीत बर्फ धरू नये म्हणून एक तापणारी तार असते. खोली रिकामी म्हणून तीही त्यांनीच बंद केली होती. पाणी आज्ञाधारकपणे उतारानं गेलं, दाराच्या फटीत शिरलं आणि तिथंच गोठून मुक्कामाला थांबलं.

थंडोपंतांनी दार उघडायची आतली दांडी दाबली. दांडी दबली, दार हललं नाही. खांदा लावला. दार हललं नाही, खांदा हलला.

"ते असंच असतं का?" चित्रकलेच्या बाईंनी विचारलं.

"सुरुवातीला असंच असतं," थंडोपंत म्हणाले.

धोक्याची घंटा होती. त्यांनी ती दाबली. बाहेर खणखणीत वाजली. पण दर रविवारी घंटेची चाचणी थंडोपंतच घेत, आणि रविवारी वाजली तर जागचं हलायचं नाही, अशी तंबी वॉचमनला त्यांनीच दिलेली. दाराच्या छोट्या काचेतून त्यांना वॉचमन दिसला. खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. त्यांनी पुन्हा घंटा दाबली, दोन्ही हात हलवले. वॉचमननं पेपर खाली केला, घंटा उत्तम वाजतेय अशी खूण केली आणि पान उलटलं.

आता थंडोपंतांना थंडी वाजायला लागली. आधी गुडघे, मग दात, मग सगळेच. थंडीचं मला शिकवू नका म्हणणाऱ्या माणसाला थंडी फुकट शिकवणी देऊ लागली. बायकोनं एका नजरेत ओळखलं. तिनं स्वतः शिवलेली स्लीपिंग बॅग उलगडली, नवऱ्याला उशीच्या अभ्र्यात उशी कोंबावी तसं आत कोंबलं आणि गळ्यापर्यंत चेन ओढली. मग दोघींनी बर्फ फोडायच्या कुऱ्हाडी घेतल्या, बुटांखाली खिळे बांधले आणि उंबऱ्याशी भिडल्या.

जमिनीवर सुरवंटासारखे पडून थंडोपंत बघत राहिले. ठक, ठक, ठक. बर्फाच्या चिपा दिव्यात चमकत उडत होत्या. बायकोचे गाल लाल झाले होते, टोपीतून बट सुटली होती, आणि ती हसत होती. मशीनवर वाकलेली पाठ कधी अशी ताठ झालेली त्यांनी बघितली नव्हती. पाय कुठं रोवायचा, घाव कुठं घालायचा, सगळं तिला आपसूक जमत होतं. तिचं प्रशिक्षण पूर्ण झालंय, हे थंडोपंतांना कळलं. आणि आता आपलं तिथं काहीच काम उरलं नाही, हेही. ती त्या शुभ्र नदीच्या काठी अशीच हसेल आणि आपण इथं पेपर वाचणाऱ्या वॉचमनशेजारी खुर्ची टाकून बसू. थंडीपेक्षा हे जास्त बोचलं.

शेवटी कर्र करून दार सरकलं. दोघींनी स्लीपिंग बॅग दोन टोकांना धरून बाहेर ओढली आणि माल उतरवायच्या ओट्यावर उन्हात ठेवली. "आज चाचणी लांबली वाटतं," वॉचमन म्हणाला. चित्रकलेच्या बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की तो न सांगता चहा आणायला गेला. बाईही त्याच्या मागोमाग गेल्या, बहुधा उरलेलं बोलायला.

बायको चेन उघडायला लागली. चेन अर्ध्यात अडकली. घरी अशी समोरासमोर बोलायची वेळ आली की थंडोपंत तडक उठून आतल्या खोलीत जायचे. आज उठणार कसे? गळ्यापर्यंत बांधलेले, नुसतं डोकं बाहेर.

"एवढा खटाटोप का केलात?" बायकोनं हळूच विचारलं. "आम्ही जाऊ नये म्हणून?"

"जाऊ नये म्हणून कशाला?" थंडोपंत दुखावले. "तू मला विचारलंसुद्धा नाहीस. एका शब्दानं नाही."

चेनवरचे तिचे हात थांबले.

"विचारलं असतं तर तुम्ही पुढच्या वर्षी म्हणाला असता," ती म्हणाली. "आणि मग मी पण थांबले असते. दरवेळी थांबले. यंदा मला थांबायचं नव्हतं. म्हणून नाही विचारलं."

थंडोपंतांनी मान वळवायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग बॅगच्या तोंडातच काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

ते पुन्हा पुटपुटले.

"अहो, नीट बोला. ऐकू येत नाही."

चहाची किटली घेऊन वॉचमन येत होता. मागून चित्रकलेच्या बाई येत होत्या. सगळ्यांना ऐकू जाणार होतं. जाऊ दे, थंडोपंतांनी ठरवलं. हनुवटी बाहेर काढली, श्वास घेतला आणि उन्हाकडे बघत मोठ्यानं म्हणाले,

"मला यायचंय. मला पण न्या."