बोरकुटेचे पंचवीस सीझन

मिलिंद बोरकुटेला लग्न कधी झालं असं विचारलं, तर तो साल सांगत नाही. "अकराव्या नंबरच्या सीझनले," म्हणतो. मुलगी सातव्या नंबरच्या सीझनमध्ये झाली, आयर्लंडला आला तो एकोणिसाव्या. कोलेस्टेरॉल केव्हापासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही हा नंबरच सांगायला लागला. शेवटी बायकोनं मध्ये पडून साल सांगितलं.

हे सीझन आमच्या नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या फुटबॉल टीमचे. पंचवीस वर्षांतले पंचवीस, उत्तमापासून भिकारापर्यंत, बोरकुटेच्या डोक्यात ओळीनं लावलेले. कॉलेजात तो माझ्या एक वर्ष मागे होता. आता आम्ही दोघं आयर्लंडात, लिक्सलिप गावी, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात एकाच मजल्यावर आहोत. कॉलेजचं मैदान सांभाळणाऱ्या रामटेकेंना तो आजही दर रविवारी फोन लावतो, निकाल विचारतो आणि लगेच यादीत खालीवर करतो.

माझं दुखणं असं, की मी त्या टीमचा कॅप्टन होतो. माझ्या वर्षी आम्ही विद्यापीठाचा कप आणला. कॉलेजनं तो त्याआधी कधी आणला नव्हता, नंतरही नाही. आणि बोरकुटेच्या यादीत माझा सीझन चौथा!

"अरे, कप आणला आम्ही!" मी ओरडायचो.

"असं नसते ना, कॅप्टन. कपाचे चाळीस मार्क. बाकीचे साठ बी पाहा लागते."

हे साठ मार्क कशाचे, ते मात्र कधी कळलं नाही. कारण पहिल्या नंबरवर होता तो त्याच्या फर्स्ट इयरचा सीझन. त्या टीममध्ये मी होतो, म्हणून खात्रीनं सांगतो. चार मॅच खेळलो, चारही हरलो. एकीत तर आमच्याच बॅकनं आमच्यावर दोन गोल चढवले.

हे नुसतं माझ्यापुरतं असतं तर मी सोडूनही दिलं असतं. पण आमच्या कँटीनमध्ये बोरकुटेचा दरबार भरायचा. आयरिश माणसाला आपापल्या काउंटीच्या जुन्या मॅचेस तोंडपाठ असतात, त्यामुळे बोरकुटे त्यांना घरचाच वाटला. डेक्लन नावाचा आमचा टेक्निशियन नागपूर नकाशावर दाखवू शकणार नाही, पण आमचा लेफ्ट विंगर तायडे कोणत्या पायानं लंगडायचा हे त्याला माहीत होतं. एकदा मी त्याला मुद्दाम सांगितलं, की मी त्या टीमचा कॅप्टन होतो. "ग्रँड," तो 'ठीक आहे' अशा अर्थानं म्हणाला आणि बोरकुटेकडे वळला, "बरं, तिसऱ्या नंबरच्या सीझनमधला तो गोलकीपर पुढे काय करतो?"

माझा फायनलमधला गोल बोरकुटे असा सांगायचा, की चमचे थांबायचे. मी डाव्या पायानं बॉल कसा अडवला, मान वर न करता कसा मारला. मला स्वतःला एवढं काही आठवत नाही. गोष्ट संपली की टेबलावर थापा पडायच्या. गोल मी मारला होता, पाठ बोरकुटेची थोपटली जायची.

कहर केला तो माझ्या मुलीनं. सई माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला आयरिश हेलाच्या इंग्रजीत उत्तर देते. बोरकुटे घरी आला, की ती त्याच्यासमोर मांडी घालून बसते आणि चक्क मराठीत विचारते, "मग काय झालं, काका?"

एका शनिवारी हे पुन्हा झालं, त्या रात्री मी ठरवलं, बस झालं.

रविवारी सकाळी उठून मी कॉलेजच्या जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर लिहिलं, 'बोरकुटे म्हणतो आपला सीझन चौथा. मत द्या.' अर्ध्या तासात उत्तरं आली. 'बोरकुटे कोण?' 'आमच्या बॅचला नव्हता.' माझ्या नंतरच्या दोन कॅप्टननीही लिहिलं, या नावाचा कुणीही टीममध्ये कधी नव्हता. मी गेल्यावर तो खेळला असणार, असं मी धरून चाललो होतो! मला इतका आनंद झाला, की चहा अर्धा टाकून मी गाडी काढली.

बोरकुटेची बायको दूर कॉर्क शहरात औषधाच्या कंपनीत आहे, मुलगीही तिच्याजवळच शिकते. इथं हा एकटा. दार उघडलं तेव्हा बूट घालून बाहेर निघायच्या तयारीत होता.

"या, कॅप्टन! चहा मांडू?"

"बोरकुटे, तू कोणत्या पोझिशनला खेळायचास?"

"मी?" तो हसला. "मी कुठं खेळलो? ट्रायलले गेलतो एकदा. पहिल्याच दहा मिनिटांत काढलं मले."

खिशातला फोन एकसारखा थरथरत होता. ग्रुपवर हसणारी तोंडं येत असणार.

"मग मैदानावर काय करायचास?"

"गोलच्या मागं उभा राहायचो. बॉल बाहेर आला की आणून द्यायचो. चारी वर्षं." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "गावाकडून आलो होतो ना. वर्गातलं इंग्लिश डोक्यावरून जाये. महिनाभर मले कोणी नावानं हाक नाही मारली. हजेरीत बी नंबर. मग एक दिवस तुमचा तो अन्वर, त्या वर्षीचा कॅप्टन, त्यानं विचारलं, नाव काय तुझं? आणि दुसऱ्या दिवसापासून रोज, ए बोरकुटे, बॉल!"

पहिला नंबर का, ते मला आता विचारावं लागलं नाही.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही एकदा थँक्यू भाऊ म्हटलं होतं," तो घाईनं म्हणाला. "फायनलच्या आदल्या दिवशी."

मी फोन बंद करून टाकला. बोरकुटे उठून म्हणाला, "चला ना. इथल्या क्लबाची पोरं अकराले खेळतात."

मैदान ओलं होतं, वारा कान कापत होता. आम्ही गोलच्या मागं उभे राहिलो. बॉल बाहेर आला, चाळिशी ओलांडलेला बोरकुटे पोट सांभाळत धावला, बॉल परत फेकला. "गुड मॅन, मिलिंद!" गोलकीपर म्हणाला. कुंपणापलीकडून कुत्रं फिरवणाऱ्या बाईनंही त्याला नावानं हाक मारली. मला या गावात सात वर्षं झाली होती. मला तिथं कुणी ओळखत नव्हतं.

"हा युअर मॅन कोण?" गोलकीपरनं माझ्याकडे बोट करून विचारलं. 'युअर मॅन' म्हणजे इकडच्या बोलीत 'हा गडी'.

"माझे कॅप्टन," बोरकुटे म्हणाला आणि तिथंच, वाऱ्यात, त्यानं माझा फायनलमधला गोल सांगायला घेतला. गोलकीपर ऐकता ऐकता पूर्ण मागं वळला. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी बॉल मारला, तो त्याच्या पायाजवळून घरंगळत जाळ्यात गेला.

सगळं मैदान एका आवाजात खेकसलं, "मिलिंद!"

बोरकुटेनं दोन्ही हात वर करून माफी मागितली. त्याच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता. मला पुन्हा त्याचा हेवा वाटला.