शालिकभाऊंचं आवतन

आमच्या शेजारचे शालिकभाऊ चहाला यायचे असले की आधी लोकेशन पाठवतात. त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये एक भिंत आहे, तीही कमरेएवढी. मी अंगणात भांडी घासत असते, भिंतीपलीकडे शालिकभाऊ चपला घालताना मला सरळ दिसत असतात, आणि इकडे माझा फोन टुणकन वाजतो. "निघालो." मग, "दोन मिनिटांत पोहोचतो." मग आमच्या दारात उभे राहून, "पोहोचलो." मी म्हणते, "भाऊ, मला डोळे आहेत. दिसून राहिले तुम्ही." त्यावर हे महाशय फोनवरची नजर न काढता म्हणतात, "पण मॅडम, निळी टिक नाई आली अजून."

मॅडम म्हणजे मी. कोंढा गावात अंगणवाडी चालवते, बावीस वर्षं झाली. शालिकभाऊ विजेच्या खात्यात लाइनमन होते. उभी हयात खांबावर गेली. रिटायर होऊन खाली उतरले ते थेट मोबाइलमध्येच घुसले, अजून बाहेर आलेले नाहीत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "सेटिंगमंदी हाये सारं." दूध नासलं, सेटिंगमंदी. पाऊस लांबला, सेटिंगमंदी. व्याही रुसले, तेही सेटिंगमंदी. एकदा यमुनावहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, चुलीपाशी धुराने कावल्या होत्या, तेव्हा यांनी हेच वाक्य टाकलं. वहिनी फुंकणी खाली ठेवून म्हणाल्या, "मंग जा सेटिंगमंदी, अन् तठीच राहा. जेवाले नोका येऊ!"

आणि मतं? बाप्पा बाप्पा! प्रत्येक वस्तूवर मत आहे, आणि कोणी विचारायची वाट ते बघत नाहीत. घडीच्या फोनबद्दल त्यांचं म्हणणं, "लुगडं घडी कराचं असते मॅडम, फोन नाई." कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबद्दल, "पोट्ट्याच्या मार्कांसारखे. पाहुण्यायले सांगाले बरे, कामाचे किती थे आपल्याले मालूम."

अंगणवाडीच्या ॲपने माझा जीव खाल्ला तेव्हा मात्र हेच कामी आले. ॲपला प्रत्येक लेकराचा चेहरा ओळखायचा असतो. माझं एक लेकरू फोन समोर धरला की भोकाड पसरायचं, आणि ॲप म्हणायचं, चेहरा जुळत नाही. शालिकभाऊ लाइनमनच्या काळातली डोक्याला बांधायची बॅटरी लावून हजर झाले. ती बॅटरी बघून त्याच्यासोबत बाकीची अकरा लेकरंही रडायला लागली. भाऊंनी शांतपणे निदान केलं, "ॲप बरोबर हाये मॅडम. पोट्टंच अपडेट नाई." शेवटी ते लेकरू हसलं कशाने, तर भाऊंच्या डोक्यावरची बॅटरी घसरून नाकावर आली म्हणून. त्या एका क्षणात फोटो निघाला. त्या दिवसापासून त्यांना माझ्याकडे चहा कायमचा माफ.

वहिनींची मात्र कमाल आहे. यांनी हौसेने मनगटावरचं स्मार्ट घड्याळ आणलं, ते पावलं मोजतं. रोवणीच्या दिवसांत ते त्यांनी वहिनींच्या हाताला बांधलं, का, तर कष्ट मोजायचे. आता रोवणी म्हणजे काय, तर चिखलात ओणवं व्हायचं आणि रोप लावत लावत मागे मागे सरकायचं. सकाळपासून दुपारपर्यंत वहिनींची कंबर मोडली, आणि घड्याळ थरथरून काय म्हणालं? भाऊंनी बांधावरून मोठ्याने वाचून दाखवलं, "बराच वेळ बसून आहात. उठा, थोडं चाला." साऱ्या रोवणाऱ्या बाया हसून हसून चिखलात बसल्या. वहिनींनी घड्याळ काढलं आणि भिरकावलं ते तीन बांध्या, म्हणजे भाताची तीन खाचरं, पलीकडे. भाऊ जराही विचलित झाले नाहीत. म्हणाले, "वॉटरप्रूफ हाये."

मोटरपंपाचंही तसंच. फोनवरून पंप चालू करायचं यंत्र त्यांनी शेतात बसवलं. एक दिवस न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या, अर्धी दाढी झालेली असताना, चार लोकांना दाखवायला म्हणून त्यांनी पंप चालू केला. पाइपाच्या तोंडाशी वहिनी शिदोरी सोडून बसल्या होत्या. वहिनी तशाच ओल्याचिंब न्हाव्याच्या दुकानात आल्या. पुढचं मी सांगत नाही. भाऊंची दाढी त्या दिवशी अर्धीच राहिली.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. पण एक गोष्ट हसण्यावारी गेली नाही, ती म्हणजे सगुणाबाईंची.

सगुणाबाई ही भाऊंची मोठी बहीण, तुमसरकडे आंबागडला दिलेली. भाऊ तिला नुसतं "बाई" म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. दोन वर्षांपूर्वी भाऊंच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नाचं आवतन म्हणजे नुसती पत्रिका नसते. घरचं माणूस दारात जातं, हळदीची अक्षत हातावर ठेवतं, तोंडाने "या" म्हणतं. बहिणीकडे तर भावानेच जायचं. नवरीच्या अंगाला पहिली हळद आत्याची लागते, तिच्यावाचून हळद हलत नाही.

आणि भाऊंनी काय केलं? फोनवर पत्रिका बनवली. तिच्यात नवरानवरीचे फोटो, उडणारी फुलं, सनई. ती साऱ्या नातेवाइकांना एकदम पाठवून मोकळे झाले. मला म्हणाले, "एका बोटात तीनशे घरं, मॅडम! खांबावर चढाचं काम नाई." त्या तीनशेत सगुणाबाईंच्या मुलाचाही नंबर होता. बिचाऱ्या भाच्याने विचारलं, "मामा, आईले सांगाले कोन येऊन राहिलं?" यांनी फोनला आपोआप उत्तर द्यायचं शिकवून ठेवलेलं. फोनने लगेच कळवलं, "आपल्या शुभेच्छांबद्दल आभार. जेवण करूनच जावे."

हळदीच्या दिवशी दोन तास आम्ही आत्याची वाट बघितली. नवरी पाटावर बसून राहिली. शेवटी आंबागडहून निरोप आला, "फोननं बोलावलं नं? मंग फोनलेच हळद लावा म्हना." अशी बोलली बाई! हळद दुसऱ्या कोणी लावली. भाऊ मांडवाच्या मागे वायर सारखी करत बसले होते, ज्या वायरला काहीही झालेलं नव्हतं.

तेव्हापासून सगुणाबाईंचं येणं बंद. दिवाळी झाली की आमच्या गावोगाव मंडई भरते. पाळणे येतात, जिलेबी तळली जाते, रात्री दंडारीचं नाटक होतं. पण खरी मंडई माहेरवाशिणींची. ज्या घरची बहीण आली नाही त्या घराला लोक विचारतातच, "काहून, बाई नाई आली?" दोन मंडया भाऊंनी हा प्रश्न ऐकला, आणि दोन्ही वेळा फोन कानाला लावून, पलीकडे कोणीही नसताना, "हव, हव, बोला" करत ते बाजूला सरकले. मी पाहिलं आहे ते.

मग त्यांनी उपाय सुरू केले. मोठ्या अक्षरांचा फोन पाठवला. सगुणाबाईंनी तो कपाटात ठेवला. घरपोच लुगडं पाठवलं, ते परत आलं. माणसाशी बोलणारा गोल डबा पाठवला, "बाईनं नुसतं शालिकले लाव म्हनलं का मले लागते" म्हणून. भाच्याने कळवलं, आई त्या डब्याशी एक शब्द बोलत नाही, पण रोज सकाळी पदराने पुसून ठेवते.

मी शंभरदा म्हटलं, "भाऊ, बस पकडा आणि जा." ते म्हणायचे, "जातो नं. पहिले एक मेसेज टाकून पाहतो." मला वाटायचं, माणसाला ताठा आहे. रागही यायचा. इतकी प्रेमाची बहीण, आणि हा बाबा बोटं चालवत बसलाय!

यंदा भाऊबीजेला मी माझ्या भावाकडे तुमसरला निघाले होते. चार दिवसांवर मंडई. बॅग भरता भरता भिंतीपलीकडून मेसेज आला, "शुभ प्रवास." माझं डोकंच फिरलं. भिंतीपाशी जाऊन मी ओरडले, "चला माझ्यासोबत! आंबागड तिथून जवळ आहे. नाही आलात तर आजपासून तुम्हाला ब्लॉक करते!" ब्लॉक म्हटल्यावर गडी गारद. वहिनींनी आतून धुतलेला शर्ट आणून त्यांच्या हातात कोंबला आणि मला डोळ्यांनीच हात जोडले.

बसमध्ये कारध्यापर्यंत भाऊंची बडबड चालू होती. बसच्या तिकीट मशीनवर मत, ड्रायव्हरच्या फोनवर मत. पूल ओलांडून भंडारा मागे पडलं. तुमसरच्या वाटेवर एकदम म्हणाले, "मॅडम, तठी तुम्हीच बोला."

"मी काय बोलू? बहीण तुमची."

त्यांनी मग खिशातून फोन काढला आणि टाइप करायला लागले. बराच वेळ टाइप करत होते. आणि माझा फोन वाजला. एका सीटवर खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाने मला मेसेज पाठवला होता. मी तोंडात शिवी आणून वाचायला लागले.

"मी लहानपणी अडकत बोलत होतो. ब आला का गाडी उभी. पोट्टे हासत. बाई माझ्यासाठी बोले, मास्तरले, दुकानदारले, साऱ्यायले. मोठा झालो, सवयीनं सुटलं. पण मन भरून आलं का अजून अडकते. लग्नाच्या वक्ती मी अक्षत घेऊन आंबागडले गेलो होतो. फाट्यावरूनच दिसलं, तिच्या घरासमोर पाव्हने बसले होते. एवढ्या लोकायसमोर मी अडकलो असतो, अन् बाई पुन्हा माझ्यासाठी बोलली असती. लेकीचा बाप झालो तरी. म्हून फाट्यावरून वापस आलो अन् मेसेज केला. हे यमुनेले बी मालूम नाई."

शिवी गिळली मी. बावीस वर्षं लेकरांना बोलायला शिकवते. अडखळणारं लेकरू आलं तर पहिल्याच दिवशी मला कळतं. आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडचा माणूस मला कळला नाही! मला माझीच लाज वाटली. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि म्हटलं, "मी येते सोबत. पण बोलणार नाही, भाऊ. ते तुमचं तुम्ही."

आंबागडला सगुणाबाईंचं दार उघडंच होतं. आतल्या अंगणात कोणीतरी सुपाने धान पाखडत होतं. भाऊ उंबऱ्याशी उभे राहिले. ओठ मिटले, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. "ब... ब..." पुढे काही येईना. माझ्या जिभेवर शब्द तयार होता, दातांखाली धरला तो.

आतला सुपाचा आवाज थांबला.

"शालिक?"

त्यांनी पाहिलंही नव्हतं दाराकडे. मग त्या आल्या. सत्तरीच्या असतील, केसांत भुसा, हातात सूप. भावाकडे त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. भाऊ पुन्हा लागले, "ब... ब..." सगुणाबाईंचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता याच बोलून टाकणार, लहानपणीसारख्या. पण त्यांनी तोंड मिटलं. सूप खाली ठेवलं, पायरीवर बसल्या, हात गुडघ्यावर ठेवला आणि वाट बघायला लागल्या. कुठली घाई नाही, कीव नाही. सारा दिवस मोकळा आहे अशा बसल्या.

"ब... बाई," भाऊ म्हणाले. घामाने शर्ट भिजला होता. "मंडई हाये. तू... तू च... चाल." मग खिशातून त्यांनी कागदाची एक पुडी काढली. फाट्यावरून परत आलेली तीच. हळद उडून तांदूळ जवळजवळ पांढरे झाले होते. "अन् प... पोरीचं लगन हाये. आवतन द्यायले आलो."

सगुणाबाईंनी पुडी हातात घेतली. "मुडद्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "त्या पोरीले आता पोरगी झाली नं रे."

"हव. पन तुले सांगाचं रा... राहिलं होतं."

त्यांनी तांदूळ तळहातावर घेतले, कपाळाला लावले, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले. "येईन," म्हणाल्या. "तू बोलला नं आता. मंडईलेही येईन." मी उंबऱ्याशी उभी राहून भडाभडा रडत होते, तेव्हा कुठे त्यांना मी दिसले. त्यांनी डोळे पुसले, आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भावावर कडाडल्या, "अन् काऊन रे, संगं पाव्हनी घेऊन आला, येवाच्या पहिले एक फोन नाई करता येत? भात टाकला असता नं मी!"