सांत्वनाची येणेबाकी

लहान धंद्याचे पैसे मांडून ठेवणे मोठ्या धंद्यापेक्षा अवघड असते, कारण मोठ्या धंद्यात मांडायला पैसे असतात.

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात एकतीस वर्षे चार खिशांची पद्धत लागू होती. दुकान वडिलांचे, खिसेही त्यांचेच. शर्टाचा खिसा म्हणजे आजची आवक. पँटचा उजवा खिसा घरखर्च, डावा सुटे भाग आणि भाडे. मागचा खिसा म्हणजे राखीव निधी. त्यावर ते दिवसभर बसून असत (म्हणजे सुरक्षाव्यवस्थाही चोख होती). एकतीस वर्षांत ही पद्धत दोनदाच कोलमडली, दोन्ही वेळा कपडे धुताना.

मग वडील गेले. चार खिशांतून मिळून एक बॉबिन, एक बटण आणि दोन दिवसांच्या भाजीपुरते पैसे निघाले. थोरल्या मुलीने ते पाकिटात घालून वर तारीख लिहिली. का, ते तिलाही सांगता आले नसते.

दुकानावर कर्ज होते. महिनाअखेरपर्यंत व्यवस्थित हिशेब दाखवा, नाहीतर सगळे एकदम फेडा, असे बँकेने अत्यंत सहानुभूतीच्या भाषेत कळवले. एकदम फेडायचे तर दुकानच विकावे लागणार होते. म्हणून थोरलीने नोकरीतून रजा काढली आणि एक आर्थिक सल्लागार नेमला. तो हुशार होता. त्याने नव्या वहीत पहिली नोंद स्वतःच्या फीची केली. अशा रीतीने दुकानाचा पहिला अधिकृत खर्च हा खर्च लिहिण्याचा खर्च ठरला.

तीन दिवसांत देणी सापडली. देणी आपण होऊन सापडतात, तो त्यांचा चांगला गुण. येणी मात्र कुठेच लिहिलेली नव्हती.

"ताई, ही वही कसली?" सल्लागाराने फळीवरून एक वही काढली.

ती भेटायला येऊन गेलेल्यांची वही होती. पुढे कोणाकोणाकडे जायला हवे हे लक्षात राहावे म्हणून आईने ती ठेवायला सांगितली होती. थोरली प्रत्येकाचे बोलणेही लिहून घेत असे, कारण लिहिताना मान खाली ठेवता येते. एकूण भेटी त्रेसष्ट. 'जाण्याचं वय नव्हतं' म्हणणारे बावीस. दुकानाची जागा विकणार का, असे सहज विचारणारे नऊ. आपले मशीन झाले का, असे विचारणारे तीन. आणि 'देवमाणूस, पैशासाठी कधी तोंड उघडलं नाही' म्हणणारे एकोणतीस.

सल्लागाराने एकोणतीसच्या आकड्याभोवती गोल काढला. मग म्हणाला, "पैसे मागितले नाहीत हे कोणाला माहीत असणार? ज्याने दिले नाहीत त्याला."

या तर्कात थोरलीला खोट काढता आली नाही. तिने प्रयत्न केला होता.

लगेच येणेबाकीचे दर ठरले. नुसते म्हणणाऱ्यावर एक दुरुस्ती. डोळे पुसत म्हणणाऱ्यावर तीन. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणणाऱ्यावर नवी मोटर, बसवण्याच्या मजुरीसह. एकोणतीस नम्र पत्रे गेली. अकरा जणांनी कळवले की त्यांची तशी फारशी ओळख नव्हती. सहा जणांनी पैसे वडिलांच्या हातात दिले होते (साक्षीदार: वडील). पाच जणांना वडिलांच्या पोटी अशी मुलगी निघाल्याचे वाईट वाटले. सात जण अजून विचार करत आहेत.

"बाबांनी खरंच कधी मागितले नाहीत का गं?" थोरलीने आईला विचारले.

"मागायचे की. रोज दाढी करताना, आरशात बघून. 'तेवढं जमलं तर बघा' म्हणायचे. दुकानात गेले की गिऱ्हाईकालाच चहा पाजून परत यायचे."

त्या चहाचा खर्च कोणत्या सदरात टाकावा, हे सल्लागाराला ठरवता आले नाही. थोरली उठून आत गेली आणि तोंड धुऊन आली.

महिनाअखेरीला तिने हिशेब बँकेत नेला. साहेबांनी येणेबाकीची यादी वाचली. टंकलेखन सुबक होते, बेरीज भरघोस होती. यातले किती पैसे खरेच येतील, हे त्यांनी विचारले नाही; ते त्यांच्या नमुन्यात नव्हते. कर्ज पुढे चालू राहिले. ज्यांनी आजवर एक पैसाही दिला नाही, त्यांच्या भरवशावर दुकान आता भक्कम उभे आहे.

फक्त बँकेची एक अट आहे: येणी दरवर्षी वाढली पाहिजेत. तेव्हा, वाचकहो, एवढे वाचताना 'अशी माणसं आता राहिली नाहीत' असे तुम्ही मनातल्या मनात म्हणाला असाल, तर कृपया आपले नाव आणि पत्ता कळवावा. डोळे ओलावले होते की नाही, तेही लिहावे. दर त्यावर ठरतो.