खोट्या कळा

आमच्या शेजारच्या साळवे सिस्टर मोटारीची नाडी बघत. थट्टा नव्हे! रोज सकाळी बोनेटवर हात ठेवून, छातीवर टाचलेल्या घड्याळाकडे बघत त्या इंजिनाचे ठोके मोजत आणि मग म्हणत, "ताप नाही. निघू या."

मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर बाईंनी मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या डॉक्टरची छोटी मोटार विकत घेतली आणि पारनेरच्या आसपासच्या वाड्यांवर बाळंतपणं करत हिंडू लागल्या. सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. बाईमाणूस मोटार चालवतंय हे बघताना बाजाराच्या दिवशी माणसं भाजी घ्यायची विसरत. सिस्टरना त्याचं काही नव्हतं. त्यांना बाळंतपणाखेरीज दुसरी भाषाच येत नसे. पेट्रोल भरलं की 'पेज पाजली', गाडी सुरू झाली नाही की 'अडली'. आणि खोट्याची भयंकर चीड. "माणूस खोटं बोलेल गुरुजी, नाडी नाही बोलणार," असं त्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, की मी न विचारलेलंसुद्धा कबूल करून टाकत असे.

मागच्या सीटवर काशीबाई. दवाखान्यातली त्यांची जुनी आया, अंगानं चांगली भरभक्कम. पुढं बसलं की गरगरतं म्हणून कायम मागं, मांडीवर बाळंतपणाची बॅग. रस्ताभर दोघींची जुंपलेली असायची. तेवढ्यात वळण आलं की भांडण थांबवून सिस्टर ओरडत, "काशे, धर गं!" वळण सरलं की भांडण पुढं चालू.

पठारावरच्या एका वाडीला जायला मोठा चढ होता. एक दिवस गाडी तिथं धापा टाकायला लागली आणि सिस्टर बोलून गेल्या, "काशे, तुझं वजन ओढून ओढून ही गाडी मरेल एक दिवस." झालं! काशीबाईंना ते लई झोंबलं. "मग बसा की एकट्या. आमी कशाला मारावी तुमची गाडी?" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मिरजगावला लेकाकडं निघून गेल्या. सिस्टरनी थांबवलं नाही. "बरं झालं, गाडी हलकी झाली," एवढंच म्हणाल्या.

हलकी झाली खरी, आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. चढाच्या मधोमध सुटा मुरूम होता. गाडी तिथं पोचली की इंजिन बोंबलायचं, मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, मुरूम उडायचा, आणि गाडी तसूभर पुढं सरकायची नाही. सिस्टरनी खाली उतरून निदान केलं, "खोट्या कळा. जोर नुसता लावतेय, सुटका नाही."

मग उपचार सुरू झाले, आणि सुट्टीच्या दिवशी मदतीला शेजारी म्हणून मी. चाक फिरतंय म्हणजे क्लचचा दोष नाही, हे त्यांनीच ठरवलं. टायर गुळगुळीत झाले होते, ते बदलले. हवा कमी करून पाहिली. चाकाखाली गोणपाट घातलं, ते चाकानं माझ्या तोंडावर भिरकावलं. गुण म्हणून नाही. वाडीवर एस.टी. जात नसे आणि तिथल्या दोन-तीन बायांचे तर दिवस भरत आले होते. त्यात पुण्याच्या भाच्यानं धोशा लावलेला: मावशी, गाडी विकून टाक आणि ये इकडं राहायला.

"हा चढ चढला नाही ना गुरुजी, तर जाते पुण्याला. बसते झबली शिवत," त्या म्हणाल्या. झबली हा शब्द त्यांनी फाशी म्हणावं तसा म्हटला.

ढकलायचं काम अर्थातच माझ्याकडं. एका रविवारी ढकलून ढकलून जीव मेटाकुटीला आला, आणि म्हटलं मरू दे ती गाडी. सरळ डिकीवर बसकण मारली. त्याबरोबर चाकांनी मुरूम धरला आणि गाडी मला घेऊन चढ चढायला लागली! "अहो थांबवा!" मी ओरडलो. "उतरू नका गुरुजी!" त्या ओरडल्या. शाळेचे गुरुजी डिकीवर बसून येताहेत, हे दृश्य अख्ख्या वाडीनं पाहिलं.

"मागं वजन हवं होतं," वर पोचल्यावर सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे काशीबाई..." मी हसत सुरुवात केली.

"कळतं मला!" त्या खेकसल्या.

दुसऱ्या दिवशी डिकीत वाळूचं भरलेलं पोतं आलं. गाडी बिनबोभाट चढू लागली. पुण्याला नकार गेला. पण बाईंच्या तोंडावर काही तेज येईना. वळण आलं की "काशे, ध..." म्हणत आणि तिथंच ओठ मिटून घेत. मला पुढच्या सीटवर बसून ते ऐकवत नसे.

महिनाभरानं एका सकाळी त्या म्हणाल्या, "मिरजगावला जायचंय. बसा." गाव दिसायला लागलं तशी त्यांनी बाभळीखाली गाडी थांबवली.

"गुरुजी, पोतं काढा. वाळू ओता इथं."

"अहो, का पण?"

"ओता म्हणते ना!"

मी ओतली. रिकामं पोतं त्यांनी झटकलं, घडी घातली आणि आपल्या सीटखाली सरकवलं.

काशीबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. आम्हाला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"काशे, गाडी चढत नाही," सिस्टर उभ्याउभ्याच म्हणाल्या.

"मंग मी काय करू?"

"तुझ्यावाचून चढत नाही. सगळं करून पाहिलं."

"माझ्या वजनानं मरत हुती न्हवं?"

"चुकलं माझं निदान."

काशीबाई माझ्याकडं वळल्या. "व्हय का वो, गुरुजी?"

सिस्टरही माझ्याकडं बघत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडणारे ते डोळे चक्क गयावया करत होते.

"अजिबात चढत नाही," मी म्हणालो.

काशीबाई आत गेल्या आणि लगेच बोचकं घेऊन बाहेर आल्या. ते इतक्यात बांधून होण्यासारखं नव्हतं.

बाभळीपाशी आलो तशी मागून विचारणा झाली, "ही वाळू कुनी ओतली वं मधीच?"

पुढं रस्ता सरळसोट होता. वळण नव्हतंच. तरी सिस्टर जोरात ओरडल्या, "काशे, धर गं!"

"धरलंय, बाई," काशीबाई म्हणाल्या.