पुढचं दार

भटू नानांनी धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत काढली. एवढ्या काळात निम्म्या खानदेशाने त्यांना "साक्री गाडी कधी?" एवढंच विचारलं आणि उत्तर कानावर पडताच पाठ फिरवली. म्हणून रिटायर झाल्यावर नानांना एकच गोष्ट हवी होती. रस्त्याकडे तोंड केलेला ओटा, त्यावर झोपाळा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने घटकाभर टेकून, दोन सुखदुःखाच्या गोष्टी करून जावं. त्यांच्या पत्नीची, भिकुबाईंची मागणी त्याहून साधी. मागच्या अंगाला खापराची चूल मांडायला जागा. खापरावरचे मांडे काही घरातल्या गॅसवर होत नाहीत, आणि मांड्यांशिवाय आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, होत नाही.

देवपूरच्या पुढे रतिलालशेठ नवी कॉलनी बांधत होते. घरं उभी राहिली होती, रस्ते मात्र अजून फक्कीच्या रेघांत होते.

"लेआउट मंजूर आहे ना, शेठ?" नानांनी विचारलं.

"टेम्परवारी आहे. फायनल तेवढं बाकी. पण नाना, रस्ता काय, तो कुठे पळून जातोय?"

भिकुबाईंनी हळूच नानांचा सदरा ओढला. "आहो, पहिले रस्ता व्हऊ द्या, मंग घर ल्या."

"तुले काय समजस त्यामा?" नाना म्हणाले आणि घर घेऊन मोकळे झाले.

ओट्यावर शहाबादी फरशी बसली, सागवानी झोपाळा टांगला गेला, दारावर 'भटू निंबा देसले' अशी पितळी पाटी लागली. आणि मग रस्ता पळून गेला. पुढच्या बाजूला म्हणे कागदोपत्री नाला होता, त्याच्या काठाने रस्ता चालत नाही. सुधारित लेआउटमध्ये रस्ता घरांच्या मागून गेला. नानांच्या ओट्यासमोर बाभळी आणि कुणाच्या तरी दोन म्हशी राहिल्या. भिकुबाईंची चूल मात्र भर रस्त्यावर आली.

आता सगळं जग स्वयंपाकघरातून घरात येऊ लागलं. दूधवाला, पोस्टमन, सोयरेधायरे, सगळे. चुलीवर मोठं खापर पालथं घातलेलं आणि त्यावर हातभर रुंद मांडा पसरलेला बघून पाय आपोआप थबकायचे. भिकुबाई पाट पुढे सरकवायच्या. शेजारच्या कमलबाई डाळ घेऊन यायच्या, लताबाई लाकडं. रोज आखाजी असल्यासारखी गर्दी.

नाना पलीकडे झोपाळ्यावर बसून म्हशींकडे बघत. एकदा त्यांचा जुना दोस्त, छगन ड्रायव्हर, यायचा होता. नाना इस्त्रीचे कपडे घालून दिवसभर वाट बघत राहिले. संध्याकाळी आत येऊन त्यांनी विचारलं, "छगन ऊना नही?"

"ऊना व्हता ना. दोन मांडा खाईसन गया."

"मंग माले कसाले नही सांगं?"

"माले वाटनं, तुम्ही झोपेल शेतस."

त्या दिवशी नानांना खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या सकाळीच त्यांनी नगररचनेचं ऑफिस गाठलं. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "प्रस्ताव आला की कळेल." नाना चपापले. 'गाडी आली की कळेल' हे वाक्य त्यांनी स्वतः अगदी याच सुरात उभा जन्म म्हटलं होतं. पण नानांनी पिच्छा सोडला नाही. दोन पावसाळे सरले, नाल्यातून पाण्याचा थेंब वाहिला नाही, तेव्हा साहेब जागेवर येऊन बघून गेले आणि तो नाला नसून शेताला पाणी नेणारी जुनी चारी असल्याचं सरकारला मान्य झालं. लेआउट फायनल झाला. रस्ता पुढे आला, मागे नुसती गल्ली उरली. नानांनी कॉलनीभर पेढे वाटले.

डांबर वाळल्यावर नाना पाटी चिंचेने घासून, झोपाळ्यावर नवी गादी टाकून ऐटीत बसले. काळाकुळकुळीत रस्ता समोर पसरला होता. त्यावरून एक म्हैस गेली, मग दुसरी. माणसं आपली गल्लीतूनच जात होती. पायांना तीच सवय लागली होती, आणि खापरही तिकडेच तापत होतं. घराच्या मागून हसण्याचा आवाज आला. नानांनी झोका थोडा जोरात घेतला.

आठवडाभराने पहिला पाहुणा समोरच्या रस्त्याने आला. हातात पिशवी, डोक्याला टोपी, साक्रीकडचा दिसत होता. नाना लगबगीने सावरून बसले, गादीवर बाजूला जागाही केली.

"नाना, भिकुबाईनं घर हाईच शे का?"

"हाईच."

"मंग मांडा कोठे भेटतीन?"

नानांनी त्याच्याकडे बघितलं, झोपाळ्याकडे बघितलं, पितळी पाटीकडे बघितलं. मग त्यांच्या गळ्यातून स्टँडवरचा जुना, खणखणीत आवाज आपसूक निघाला.

"मागून जावं. पुढून रस्ता नाही."

माणसाने उत्तर ऐकलं आणि पाठ फिरवली. नानांनी पायाने झोपाळा थांबवला आणि चपला शोधल्या.

"थांब रे भाऊ," ते म्हणाले, "मी बी तथाच ई राहिनू."