मंजूर खोलीची जगप्रदक्षिणा

आमच्या कार्यालयाने परिपत्रक काढले, की यापुढे कर्मचाऱ्यास जगात कुठूनही काम करण्याची मुभा राहील. मात्र कुठूनही म्हणजे नेमके कुठून, हे पंधरा दिवस आधी लेखी कळवावे. परिपत्रकावर तीन सह्या होत्या. चौथ्या सहीची जागा कोरी होती. ते साहेब आधीच कुठूनही काम करायला निघून गेले होते, आणि कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होतो. घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहिणे हा माझा धंदा. 'उपकरण वापरण्यापूर्वी ही पुस्तिका काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य मी चौतीस वर्षांत काही हजार वेळा लिहिले, आणि एकाही माणसाने ते पाळल्याचा पुरावा आजवर हाती आलेला नाही. आमच्या घरातली इस्त्री मी स्वतः पुस्तिका न उघडता जाळली. पुस्तिका मीच लिहिली होती, त्यामुळे तीत काही अर्थ नाही हे मला पक्के माहीत होते.

परिपत्रक घेऊन मी घरी गेलो. घरी भूगोलबाई. म्हणजे माझी पत्नी. पण शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवल्यामुळे गावाने तिला ते नाव दिले होते, आणि गावापुढे नवऱ्याचे काय चालते? भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून तिने साडेतीन हजार मुलांना जग दाखवले होते. स्वतः मात्र नकाशाच्या खिळ्यापलीकडे कधी गेली नव्हती.

"अगं, तुला जग दाखवतो," मी छाती काढून म्हणालो.

"दाखवू नका. दाखवायचं काम मी एकतीस वर्षं केलंय," ती म्हणाली. "सोबत बघणार असाल तर येते. एक तरी गोष्ट अशी पाहिजे, की दोघं शेजारी उभे आहोत आणि दोघं तीच बघतोय."

"एक? अगं, शंभर बघू!"

"एक पुरे," ती म्हणाली. शिक्षकांना मुलाची कुवत आधीच कळते.

पहिल्या मुक्कामी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी घर घेतले. मी खिडकीशी टेबल मांडले, आणि नियमानुसार जागेचा फोटो कार्यालयाच्या आसनव्यवस्था विभागाला पाठवला. दहाव्या मिनिटाला तिथल्या तपासनिसाचा फोन.

"साहेब, मागे डोंगर दिसतोय."

"डोंगर मागे आहेच."

"असेल. पण मंजूर नाही. मीटिंगमध्ये समोरच्या ग्राहकाला वाटेल तुम्ही मजेत आहात."

"मग काय दिसायला हवं?"

तपासनिसाने कागद चाळल्याचा आवाज आला. "आमच्या दप्तरी तुमची एकच खोली मंजूर आहे. घरची. मागे हिरवा पडदा, वर गोल घड्याळ, डाव्या हाताला कपाटाची कड. परिपत्रक नीट वाचा साहेब. कर्मचारी कुठेही जाऊ शकतो. खोली नाही."

मी सूचना लिहिणारा माणूस. जे छापलेले आहे त्याच्याशी वाद घालणे मला जमत नाही. मेहुण्याला फोन केला. त्याने आमच्या घरातला हिरवा पडदा, घड्याळ आणि कपाटाचे एक दार बिजागऱ्यांसह काढून पार्सलने पाठवले. सोबत चिठ्ठी होती: 'भावोजी, कपडे आता उघडेच आहेत. झुरळांना सांगून ठेवलंय.' मी डोंगरावर पडदा टाकला, त्यावर घड्याळ ठोकले, डावीकडे दार उभे केले. फोटो पाठवला. मंजूर झाला.

"डोंगर कुठे गेला?" भूगोलबाईंनी विचारले.

"आहे की, पडद्यामागे. संध्याकाळी बघू."

संध्याकाळी तिथे धुके असे. महिनाभर असे. बाई रोज सकाळी एकट्या जात आणि बुटांना चिखल लावून परतत. त्या चिखलावरून मी डोंगराची कल्पना केली.

दुसऱ्या मुक्कामी समुद्र होता. पडदा टांगला, तर वाऱ्याने हलला. तपासनिसाने हरकत घेतली, की मंजूर पडदा स्थिर होता. मी खिडकी बंद केली. मग त्याला आवाज आला.

"हे मागे काय चाललंय?"

"समुद्र आहे."

"बंद करा."

"विनंती करून बघतो."

"तोंडी नको, लेखी करा. प्रत इकडे पाठवा."

खोटे वाटेल, पण मी खरोखर अर्ज लिहिला. 'महोदय' इथवर आलो आणि पुढे कोणाचे नाव घालावे कळेना, म्हणून थांबलो. अखेर पलंगावरची गादी काढून खिडकीला बांधली. समुद्र गेला. आम्ही महिनाभर फळीवर झोपलो, आणि भूगोलबाईंची पाठ तेव्हापासून हवामानाचा अंदाज सांगू लागली.

यातून मला शहाणपण आले. तिसऱ्या मुक्कामापासून मी खोली बघायला स्वतः जाऊ लागलो. तिथली घरमालकीण मोठी हौशी होती. दार उघडून म्हणाली, "बघा! चार खिडक्या. दोन नदीवर, दोन बागेवर. उजेड नुसता उतू जातोय."

"एकही खिडकी नसलेली नाही का?"

तिने माझ्याकडे बघितले, मग बाईंकडे. "जिन्याखाली अडगळ आहे. पण तिथे मी मांजरालासुद्धा..."

मी आत गेलो. टाळी वाजवली. प्रतिध्वनी नाही, ऊन नाही, वारा नाही. माझे डोळे भरून आले. "हीच," मी म्हणालो. "भाडं मोठ्या खोलीचंच देतो."

मालकिणीने बाईंना बाजूला घेतले. "ताई, यांच्या मागावर कोणी आहे का? घाबरू नका. मी कोणाला बोलणार नाही."

"आहे ना," बाई म्हणाल्या. "तपासनीस."

बिचारीने त्या दिवसापासून माझा चहा दारातल्या फटीतून सरकवला.

असे आम्ही चौदा देश पाहिले. म्हणजे बाईंनी पाहिले, आणि मी चौदा अडगळी पाहिल्या. अडगळींच्या बाबतीत आज माझ्याइतका जाणकार शोधून सापडायचा नाही. भिंतीची ओल हुंगून मी खंड सांगू शकतो. सुरुवातीला बाई संध्याकाळी येऊन सगळे सांगत: नदी कशी वळते, दगडाला कुठला रंग. मी मान डोलवत सॉकेटची पिन बदलत असे. मग त्यांनी सांगणे थांबवले. ते माझ्या लक्षात आले तेव्हा आम्ही पुढच्या देशात होतो.

आता तुम्ही विचाराल, की मग तुमचे ते जगप्रसिद्ध प्रवासलेखन? ते मी बाईंनी काढलेल्या फोटोंवर करत असे. फोटोखाली दोन ओळी लिहायच्या, मोबाइलवरून सोडून द्यायच्या. 'क्षितिज हीच माझी भिंत.' हे लिहिताना माझे नाक भिंतीपासून वीतभर होते. 'घड्याळ काढून फेकलं, तेव्हा वेळ सापडला.' घड्याळ डोक्यावर टकटकत होते, घरची वेळ दाखवत. लोक वेडे झाले. हजारोंनी अंगठे दिले. कोणी लिहिले, 'काका, तुमच्यामुळे जगायला शिकलो.' मी लाजून त्यालाही अंगठा दिला.

कीर्ती कार्यालयात पोचली. त्यांनी मला 'वर्षातला सर्वोत्तम जगप्रवासी कर्मचारी' ठरवले. समारंभ ऑनलाइन व्हायचा होता. तारीख, वार, वेळ सगळे कळवले. तारीख मी पुन्हा एकदा तपासली.

कारण ती ग्रहणाची तारीख होती. वेळही तीच.

पंधरावा मुक्काम बाईंनी स्वतः निवडला होता, दोन वर्षे आधी. त्या गावावरून खग्रास सूर्यग्रहणाची सावली जायची होती. भर दुपारी चार मिनिटे अंधार. एकतीस वर्षे बाईंनी मुलांना चेंडू, लिंबू आणि टॉर्च घेऊन ग्रहण शिकवले होते, आणि त्यांच्या वाट्याला एकदाही खग्रास आले नव्हते. एकदा ढग आडवे आले, एकदा वार्षिक परीक्षा.

"शंभर गोष्टी राहू द्या," त्या म्हणाल्या. "ही एक. घरामागे मैदान आहे. वीस पावलं."

मी रजेचा अर्ज केला. तपासनिसाचा फोन आला.

"चार मिनिटांची रजा? रजेत कमीत कमी अर्धा दिवस असतो."

"मग अर्धा दिवस द्या."

"कारण?"

"ग्रहण."

"कोणाला लागलंय?"

"सूर्याला."

तो बराच वेळ काहीतरी तपासत होता. मग म्हणाला, "साहेब, तुमच्या मंजूर खोलीत त्या दिवशी ग्रहण नाही. मी पंचांगही बघितलं आणि हवामान खातंही. जे ग्रहण तुमच्या खोलीत दिसतच नाही, त्याची रजा कशी देऊ? उद्या कोणी ध्रुवावरच्या थंडीची रजा मागेल."

यात चूक काढता येईल तर काढून दाखवा. मला आली नाही.

बाईंनी मात्र काढली. "अहो, तुमचा तो हिरवा ठिपका. कॉम्प्युटरवर नावापुढचा. माणूस जागेवरून उठला की किती वेळाने पिवळा होतो?"

"पाच मिनिटांनी."

"ग्रहण चार मिनिटांचं. वीस पावलं जायला, वीस यायला, अर्धं मिनिट. अर्धं उरतं. रजा कशाला हवी?"

गणित बरोबर होते. मी "येतो" म्हणालो. मनापासून म्हणालो, तेवढे श्रेय मला द्या.

पण जगप्रवाशाने ग्रहणाबद्दल लिहिले नाही तर लोक काय म्हणतील? म्हणून मी आदल्या दिवशीच मजकूर तयार करून ठेवला, ऐन अंधार पडण्याच्या क्षणी आपोआप जाईल असा. 'या क्षणी आम्ही दोघं हातात हात घालून आकाशाकडे बघतोय. शब्द संपले.' फोटो कुठून आणायचा? ग्रहण तर व्हायचे होते. माझ्याकडे आमच्या कंपनीच्या नॉनस्टिक तव्याचा फोटो होता: काळाभोर, गोल, मागून दिवा सोडलेला, कडेने झळाळी. पुस्तिकेत तो पान चारवर आहे. मी मुठीकडचा भाग कापला आणि लावून दिला.

दुसऱ्या दिवशी समारंभ सुरू झाला. पडद्यावर साठ चेहरे, साठ मंजूर खोल्या. साहेब बोलत होते. दारात बाई काळा चष्मा लावून उभ्या. दुसरा चष्मा हातात.

"चला."

मी इशारा केला: एक मिनिट.

साहेब म्हणत होते, "...बंधनं तोडून मोकळ्या आकाशाखाली जगणारा हा आपला सहकारी..." सगळे टाळ्या वाजवू लागले. आता सांगा, टाळ्या चालू असताना माणूस उठतो कसा? मला वाटले, थांबतील आणि मग उठू. पण टाळ्या थांबवणारा पहिला कोण, हे ठरेना, त्यामुळे साठही जण वाजवत राहिले. बाहेर एकाएकी पाखरे गप्प झाली. भिंतीतूनही ते कळले. दारातून बाई गेलेल्या होत्या. चष्मा उंबऱ्यावर होता.

टाळ्या सव्वाचार मिनिटे चालल्या. माझ्या डोक्यावर घड्याळ होते म्हणून नक्की सांगतो. शेवटी तपासनीस गहिवरून म्हणाला, "साहेब, खोलीत उजेड काय छान आहे हो तुमच्या!"

बाई परतल्या तेव्हा मी पुरस्काराचे पत्र छापत होतो.

"कसं होतं?" मी विचारले.

"चांगलं होतं." त्या पलंगावर बसून बूट काढू लागल्या. मग थांबल्या, पुन्हा बांधू लागल्या. "मैदानात गर्दी होती. अंधार पडला. मी वर बघत होते. शेजारी बघितलं, तर सगळे खाली बघत होते. फोनमध्ये. म्हटलं, एवढं काय आहे? एका बाईनं फोन पुढे केला. म्हणाली, बघा ना, किती सुंदर. आणि किती भाग्यवान हो याची बायको."

मी पुरस्काराच्या पत्राची घडी घातली.

"तवा होता," त्या म्हणाल्या. "पान चार."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो, भाग्यवानच. नंतर पुन्हा वर बघितलं. दीड मिनिट राहिलं होतं. ते एकटीनं बघितलं."

त्यांनी आपली बॅग उचलली. एकच होती, बाकी सगळ्या बॅगांत माझी खोली होती.

"अगं, निघालीस कुठे?"

"पुढे."

"कोणत्या गावाला? कधी येणार?" आणि सवयीने माझ्या तोंडून गेले, "आधी कळवायला हवं होतंस."

त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. गेल्या. अधूनमधून फोन येतो. आवाजाच्या मागे कधी वारा असतो, कधी पाणी. फोटो पाठवत नाहीत. म्हणतात, तुम्हाला कशाला, तुमच्याकडे आहेत की.

मी हे सगळे तुमच्यापुढे कबूल केले, आता तुम्ही मला हसाल. हसा. पण त्या चार मिनिटांत माझ्या तव्याला जेवढे अंगठे आले, त्यांची यादी फोन नावानिशी आणि गावानिशी ठेवतो, हे जाता जाता सांगतो. तीनशे बारा जण. त्यांतले दोनशे नव्वद त्या वेळी त्याच सावलीत उभे होते, आणि त्यांना फक्त मान वर करायची होती. यादी मी दोनदा वाचली. माझा अर्ज नामंजूर झाला होता. तुम्हाला कोणी अडवले होते?